विश्लेषण : लग्न आधी की ग्रीन कार्ड आधी? जोडीदाराच्या प्रतीक्षेचे गणित काय?

वधुवर सूचक मंडळांच्या याद्यांत आणि विवाहविषयक संकेतस्थळांवर ‘अमेरिकेत स्थायिक, ग्रीन कार्डधारक’ ही नोंद आजही स्थळाचे वजन वाढवणारी मानली जाते. मात्र लग्नानंतर पत्नीला किंवा पतीला सोबत किती लवकर नेता येईल, या एकाच निकषावर पाहिले तर ग्रीन कार्डधारकाची बाजू अनेकदा सर्वात कमकुवत ठरते. विद्यार्थी व्हिसावर असलेला किंवा एच-१बी व्हिसावर नोकरी करणारा तरुण लग्नानंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पत्नीला नेऊ शकतो. अमेरिकी नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक मर्यादा लागू नसते. या दोघांच्या मध्ये असलेला ग्रीन कार्डधारक मात्र रांगेत उभा राहतो आणि त्याचा जोडीदार भारतात वाट पाहतो. असे का होते, ही रांग कशी पुढेमागे सरकते आणि लग्नाची तारीख ठरवण्यापूर्वी दोन्ही घरांनी काय तपासायला हवे, याचा हा आढावा.

नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांत कायदा काय फरक करतो?

अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात १९६५ आणि १९९० मध्ये मोठे बदल झाले. आजची कौटुंबिक व्हिसाची चौकट त्यातूनच आली आहे. या चौकटीत अमेरिकी नागरिकाचा जोडीदार, २१ वर्षांखालील अविवाहित मुले आणि (नागरिक २१ वर्षांचा झाल्यावर) आईवडील हे ‘निकटचे नातेवाईक’ मानले जातात. त्यांच्या व्हिसांच्या संख्येवर वार्षिक मर्यादा नाही. त्यांनाही थांबावे लागते, पण ते अर्जाची छाननी आणि मुलाखत पूर्ण होण्यापुरते.

ग्रीन कार्डधारक म्हणजे कायमस्वरूपी निवासाचा परवाना मिळालेली, पण नागरिक नसलेली व्यक्ती. तिचा जोडीदार आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले ‘एफ-२ए’ या प्राधान्य गटात मोडतात. या गटाला वार्षिक मर्यादा आहे. अर्ज मंजूर झाला तरी व्हिसा क्रमांक उपलब्ध होईपर्यंत थांबावे लागते. ‘अर्ज मंजूर झाला’ आणि ‘व्हिसा मिळाला’ या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्यामध्ये काही वर्षांचे अंतर असू शकते, हे अनेक कुटुंबांना मंजुरीचे पत्र हातात आल्यावरच कळते.

मग एच-१बीवाल्याची पत्नी आधी कशी जाते?

एच-१बी हा तात्पुरता नोकरीचा व्हिसा आहे. त्यावर असलेल्या व्यक्तीच्या जोडीदाराला एच-४ हा अवलंबित व्हिसा मिळतो आणि त्याला वार्षिक कोटा नाही. विद्यार्थी व्हिसावरील व्यक्तीच्या जोडीदारासाठी एफ-२ व्हिसा असतो. या व्हिसांवर नोकरीबाबत बंधने आहेत. एफ-२ वर नोकरी करता येत नाही. एच-४ वरील काही जोडीदारांना मे २०१५ पासून काम करण्याची परवानगी मिळू लागली, पण ती प्रामुख्याने ज्यांच्या पती किंवा पत्नीची रोजगाराधारित ग्रीन कार्डची याचिका मंजूर झाली आहे, त्यांनाच. तरीही किमान एका घरात राहता येते.

तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्ती ग्रीन कार्डधारक होताच ‘अवलंबित व्हिसा’ हा मार्ग बंद होतो. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदारासाठी असा कोणताही तात्पुरता व्हिसा आज व्यवहारात उपलब्ध नाही. २००० साली अमेरिकी काँग्रेसने ‘व्ही’ व्हिसाची सोय केली होती, पण ती २१ डिसेंबर २००० पर्यंत दाखल झालेल्या अर्जांपुरतीच होती. त्यानंतर लग्न करणाऱ्यांना तिचा उपयोग नाही. त्यामुळे देशात तात्पुरता राहणारा माणूस संसार सोबत नेऊ शकतो आणि कायमचा राहणारा नेऊ शकत नाही, अशी उलटी स्थिती तयार झाली आहे.

लग्नाची तारीख इतकी निर्णायक का?

या विषयातला सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात कमी माहीत असलेला मुद्दा हाच आहे. रोजगाराधारित किंवा कौटुंबिक प्राधान्य गटातून एखाद्याला ग्रीन कार्ड मिळते, तेव्हा त्या तारखेला तो विवाहित असेल तर त्याच्या जोडीदारालाही त्याच अर्जाच्या आधारे ग्रीन कार्ड मिळू शकते. जोडीदार त्या वेळी भारतात असला तरी त्याला ‘मागाहून सामील होण्याची’ मुभा असते. मूळ अर्जदाराची प्राधान्य तारीखच त्याला लागू होते. त्याच्यासाठी नवी रांग नसते.

ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर लग्न झाले तर हा मार्ग मिळत नाही. नवा आय-१३० अर्ज, नवी प्राधान्य तारीख आणि एफ-२ए ची रांग. म्हणजे ग्रीन कार्ड मंजूर होण्याच्या आठवडाभर आधी झालेले लग्न आणि आठवडाभर नंतर झालेले लग्न यांत काही वर्षांचा फरक पडू शकतो. ‘आधी ग्रीन कार्ड हातात येऊ दे, मग मुहूर्त काढू’ हा अनेक घरांतला सावध सल्ला या ठिकाणी उलटा पडतो.

याच्या नेमकी उलट स्थिती आईवडिलांच्या अर्जावर जाणाऱ्यांची असते. ग्रीन कार्डधारक पालकाने आपल्या २१ वर्षांवरील अविवाहित मुलासाठी किंवा मुलीसाठी अर्ज केला असेल आणि पालक नागरिक होण्यापूर्वीच त्या मुलाचे लग्न झाले, तर तो अर्ज आपोआप रद्द होतो. कारण विवाहित मुलांसाठी अर्ज करण्याचा हक्क फक्त नागरिकांना आहे. अशा घरांत मग लग्न लांबवले जाते किंवा गुपचूप उरकले जाते. दुसरा पर्याय अत्यंत धोकादायक आहे. हिंदू विवाह कायद्यानुसार विधी पूर्ण झाले की विवाह झाला. ज्या विवाहात सप्तपदी हा विधी आहे, तिथे सातवे पाऊल पडताच तो पूर्ण होतो. नोंदणी नंतर केली म्हणून लग्नाची तारीख बदलत नाही. लग्न लपवून ‘अविवाहित’ म्हणून व्हिसा घेतल्याचे पुढे जोडीदाराच्या अर्जात उघड झाले, तर स्वतःचे ग्रीन कार्डही जाऊ शकते.

रांग नेमकी कशी तयार होते?

कौटुंबिक प्राधान्य गटांसाठी कायद्याने वर्षाला किमान २ लाख २६ हजार व्हिसांची तरतूद केली आहे. मूळ सूत्र ४ लाख ८० हजार उणे निकटच्या नातेवाईकांना दिलेले व्हिसा असे आहे. निकटच्या नातेवाईकांची संख्याच इतकी मोठी असते की वजाबाकीनंतर उरणारा आकडा किमान मर्यादेखाली जातो आणि व्यवहारात २ लाख २६ हजार हाच आकडा लागू होतो.

त्यातील १ लाख १४ हजार २०० व्हिसा दुसऱ्या प्राधान्य गटाला मिळतात आणि त्यांतील ७७ टक्के एफ-२ए साठी असतात. म्हणजे साऱ्या जगातील ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांसाठी आणि लहान मुलांसाठी मिळून वर्षाला सुमारे ८८ हजार व्हिसा. मागणी यापेक्षा जास्त झाली की रांग लागते.

कोणत्याही एका देशाला एकूण कोट्याच्या ७ टक्क्यांहून अधिक व्हिसा मिळू नयेत, अशीही मर्यादा आहे. रोजगाराधारित गटांत भारतीयांची रांग दशकाहून लांब होण्याचे मुख्य कारण हेच. एफ-२ए मध्ये मात्र ७५ टक्के व्हिसांना ही देशनिहाय मर्यादा लागू नसते. त्यामुळे या गटात भारताची तारीख साधारणपणे उर्वरित जगाच्या बरोबरीने चालते. भारतीय जोडीदाराची प्रतीक्षा भारतीय असल्यामुळे लांबलेली नसते. ती एकूणच व्हिसा अपुरे असल्यामुळे लांबते.

तारीख पुढे सरकण्याऐवजी मागे का येते?

आय-१३० अर्ज अमेरिकी नागरिकत्व व इमिग्रेशन सेवा विभागाकडे ज्या दिवशी पोहोचतो, ती त्या अर्जाची प्राधान्य तारीख. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ प्रसिद्ध करते. त्यात प्रत्येक गटासाठी एक अंतिम तारीख दिलेली असते. आपली प्राधान्य तारीख तिच्या आधीची असेल तर व्हिसा मिळू शकतो. गटापुढे ‘सी’ हे अक्षर असेल तर रांगच नाही, असा अर्थ.

बुलेटिनमधली तारीख महिन्याला महिनाभर पुढे जाईल, असे गृहीत धरून अनेक जण हिशेब मांडतात. तो चुकतो. अर्ज अपेक्षेपेक्षा जास्त आले तर तारीख थांबते किंवा मागेही येते. अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असे असल्याने वर्षाच्या शेवटी कोटा संपत आला की हे अधिक दिसते.

एफ-२ए चा अलीकडचा इतिहास याचे चांगले उदाहरण आहे. जुलै २०१९ च्या बुलेटिनमध्ये हा गट सर्व देशांसाठी ‘सी’ झाला. पुढची जवळपास पावणेचार वर्षे कागदोपत्री रांगच नव्हती. पण त्याच काळात करोना आला. मार्च २०२० मध्ये जगभरातील अमेरिकी वकिलातींनी नियमित व्हिसाचे काम थांबवले. एप्रिल २०२० मध्ये अध्यक्षीय आदेशाने अनेक इमिग्रंट व्हिसांवर बंदी आली. त्या आदेशातून नागरिकांच्या जोडीदारांना सूट होती. ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांना नव्हती. हा आदेश २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मागे घेण्यात आला. व्हिसा क्रमांक उपलब्ध होते, पण ते देणारी खिडकी बंद होती. शिवाय एका वर्षात न वापरलेले कौटुंबिक व्हिसा कायद्यानुसार पुढच्या वर्षी रोजगाराधारित गटांना मिळतात. त्यामुळे २०२१ च्या आर्थिक वर्षात रोजगाराधारित कोटा नेहमीच्या १ लाख ४० हजारांवरून सुमारे २ लाख ६२ हजारांवर गेला. कुटुंबांच्या वाट्याचे व्हिसा दुसऱ्या रांगेला गेले.

एप्रिल २०२३ च्या बुलेटिनमध्ये एफ-२ए ला पुन्हा अंतिम तारीख लागू झाली, ती थेट ८ सप्टेंबर २०२०. म्हणजे मार्च २०२३ मध्ये ‘रांग नाही’ असे वाचून निश्चिंत झालेले दांपत्य पुढच्याच महिन्यात अडीच वर्षांच्या रांगेत उभे राहिले. त्यानंतरही या गटातील प्रतीक्षा वर्षांतच मोजावी लागली आहे.

अर्ज कोणत्या टप्प्यांतून जातो?

पहिला टप्पा आय-१३० चा. हा अर्ज अमेरिकेतील जोडीदाराने करायचा असतो. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरपत्रकात त्याचे शुल्क ऑनलाइनसाठी ६२५ डॉलर आणि कागदी अर्जासाठी ६७५ डॉलर असे होते. या टप्प्यात प्रामुख्याने तपासली जाणारी गोष्ट म्हणजे लग्न कायदेशीर आणि खरे आहे का.

मंजुरीनंतर प्रकरण न्यू हॅम्पशायरमधील नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. व्हिसा क्रमांकाची पाळी जवळ आली की तिथे डीएस-२६० हा ऑनलाइन अर्ज, नागरी कागदपत्रे आणि आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र द्यावे लागते. अमेरिकेतील जोडीदाराचे उत्पन्न त्याच्या कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. ते कमी पडत असेल तर सहप्रायोजक चालतो. हे हमीपत्र कायद्याने बंधनकारक असते आणि केवळ घटस्फोट झाला म्हणून संपत नाही. मित्राच्या किंवा मावसभावाच्या शब्दाखातर सही करणाऱ्यांनी हे वाचूनच सही करावी.

शेवटचा टप्पा वैद्यकीय तपासणी आणि मुलाखत. तपासणी वकिलातीने नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. मुंबईत मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत होते. तिथे ‘२२१(जी)’ असा शेरा मिळाला तर प्रकरण कायमचे फेटाळले असे नसते. कागद अपुरे आहेत किंवा आणखी छाननी बाकी आहे, असा त्याचा अर्थ. मात्र ही छाननी किती दिवस चालावी, याला बांधील मुदत नाही.

मराठी घरांतील कागदपत्रे कुठे अडतात?

सर्वात पहिला अडथळा नावाचा. महाराष्ट्रात लग्नानंतर मुलीचे आडनावच नव्हे तर मधले नावही बदलते. वडिलांच्या जागी पतीचे नाव येते. काही घरांत पहिले नावही बदलले जाते. मग जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र, पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्र यांवर दोन-तीन वेगवेगळी नावे दिसतात. नाव बदलणे बंधनकारक नाही. बदलायचेच असेल तर राजपत्रातील नोंद, पासपोर्ट आणि आय-१३० वरील नाव यांत मेळ राहील, अशा क्रमाने बदलावे.

दुसरा अडथळा विवाह नोंदणीचा. लग्नपत्रिका आणि कार्यालयाची पावती पुरावा म्हणून जोडता येते, पण मूळ कागद म्हणजे विवाह निबंधकाचे प्रमाणपत्र. विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला होता आणि महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा स्वतंत्र कायदाही आहे. तरीही सुटीवर आलेला मुलगा पंधरा दिवसांत परतणार असल्याने नोंदणी ‘पुढच्या खेपेला’ राहते आणि अर्ज तितकेच महिने मागे पडतो. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांनी ३० दिवसांच्या नोटिशीचा कालावधी सुटीच्या हिशेबात धरायला हवा. व्हिडीओ कॉलवर लागलेले लग्नही सहज चालत नाही. दोघे एका ठिकाणी हजर नसताना झालेला विवाह, त्यानंतर पतिपत्नी प्रत्यक्ष एकत्र आल्याखेरीज, अमेरिकी इमिग्रेशन कायदा ग्राह्य धरत नाही.

तिसरा मुद्दा खऱ्या लग्नाच्या पुराव्याचा. ठरवून केलेल्या लग्नात आधीच्या सहवासाचे फोटो, एकत्र भाडेकरार, संयुक्त बँक खाते असे काही नसते. केवळ त्यामुळे अर्ज फेटाळला जात नाही, पण लग्न कसे जुळले हे सांगणारे कागद जपून ठेवावे लागतात. साखरपुड्याचे आणि लग्नाचे दोन्ही कुटुंबांसह फोटो, भेटीसाठी केलेल्या प्रवासाची तिकिटे, नियमित संवादाच्या नोंदी, विम्यात किंवा खात्यात लावलेले नामनिर्देशन हे सारे उपयोगी पडते. मराठीतील प्रत्येक कागदासोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते. पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळणारे पोलीस पडताळणी प्रमाणपत्र मात्र फार आधी काढून उपयोग नसतो. ते मुलाखतीच्या वेळी ग्राह्य असावे लागते.

प्रतीक्षेच्या काळात भेट कशी होते?

पत्नीने पर्यटक व्हिसावर जावे, हा पहिला विचार असतो. पण पर्यटक व्हिसासाठी ‘मी परत येणार आहे’ हे अर्जदाराने पटवून द्यायचे असते. कायमस्वरूपी निवासाचा अर्ज प्रलंबित असताना ते पटवणे फार कठीण जाते. कायद्याने मनाई नाही, पण नकाराची शक्यता मोठी असते. स्वतंत्रपणे पात्र असलेली व्यक्ती विद्यार्थी व्हिसाचा प्रयत्न करू शकते, मात्र तिथेही परतण्याच्या हेतूचा हाच प्रश्न येतो. एच-१बी सारख्या व्हिसाला ही अट लागू नाही, पण त्यासाठी नोकरी देणारी कंपनी आणि लॉटरीत क्रमांक लागतो.

म्हणून भेटायला यायचे ते ग्रीन कार्डधारकाने. त्यालाही मर्यादा आहेत. वर्षभराहून अधिक काळ बाहेर राहायचे असेल तर पुनर्प्रवेश परवाना आधी घ्यावा लागतो. सलग सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिल्यास नागरिकत्वासाठी लागणारा निवासाचा सलगपणा तुटल्याचे मानले जाऊ शकते. नागरिकत्वासाठी पाच वर्षांपैकी किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत असावे लागते. म्हणजे पत्नीजवळ राहिले तर नागरिकत्व लांबते आणि नागरिकत्व लवकर हवे असेल तर पत्नीपासून दूर राहावे लागते.

या काळाची किंमत दोघेही मोजतात, पण ती सारखी नसते. मुलाची नोकरी चालू राहते. मुलगी अनेकदा ‘आता जायचेच आहे’ म्हणून नोकरी सोडते, बढती नाकारते, पुढच्या शिक्षणाचा प्रवेश घेत नाही. सासरी राहायचे की माहेरी, मूल आता होऊ द्यायचे की तिकडे गेल्यावर, हे सारे निर्णय एका मासिक पत्रकातील तारखेवर अडून राहतात. अर्ज करणारा पती असल्याने प्रकरणाची खरी माहितीही त्याच्याकडेच असते. व्हिसा मिळण्यापूर्वी तो आय-१३० केव्हाही मागे घेऊ शकतो. ज्या लग्नांत फसवणूक होते, तिथे ‘अजून प्रक्रिया चालू आहे’ हे वाक्य वर्षानुवर्षे पुरते. म्हणूनच अर्ज दाखल झाल्याची पावती, प्रकरण क्रमांक आणि प्राधान्य तारीख या तीन गोष्टी मुलीकडे असल्याच पाहिजेत. पावती क्रमांकावरून अर्जाची स्थिती ऑनलाइन पाहता येते.

नागरिकत्व मिळाले की रांग संपते का?

होय, आणि बहुतेक दांपत्यांसाठी हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. अर्जदार नागरिक झाला की एफ-२ए चा अर्ज ‘निकटचा नातेवाईक’ या गटात बदलून घेता येतो. नवा आय-१३० लागत नाही. ग्रीन कार्ड मिळून साधारण पाच वर्षे झाल्यावर नागरिकत्व मिळते आणि अर्ज ९० दिवस आधी करता येतो. ग्रीन कार्ड मिळून तीन-चार वर्षे झालेल्या व्यक्तीशी लग्न ठरत असेल तर बुलेटिनपेक्षा नागरिकत्वाची तारीखच आधी येऊ शकते.

यात एक खाच आहे. एफ-२ए मध्ये पत्नीसोबत तिच्या मुलाचे नाव त्याच अर्जात चालते. नागरिकाच्या जोडीदाराच्या गटात ही सोय नाही. प्रत्येक मुलासाठी वेगळा अर्ज लागतो. प्रतीक्षेच्या काळात भारतात मूल झाले असेल तर वडील नागरिक होताना त्या मुलाच्या अर्जाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. तो राहून गेला तर आईचा व्हिसा येतो आणि बाळाचा येत नाही.

व्हिसा मिळाल्यावर सारे संपते का?

जोडीदार अमेरिकेत दाखल होण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झाली नसतील, तर दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड मिळते. खोट्या लग्नांना आळा घालण्यासाठी १९८६ च्या कायद्याने ही अट आणली. कार्ड संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अर्ज करून अट काढून घ्यायची असते. एफ-२ए च्या रांगेतून जाणाऱ्यांची दोन वर्षे बहुधा भारतातच उलटलेली असतात, त्यामुळे त्यांना थेट दहा वर्षांचे कार्ड मिळते.

सशर्त कार्डावर गेलेल्या स्त्रीला ‘सही करणार नाही’ अशी धमकी मिळत असेल तर कायद्यात वाट आहे. छळ झाला असेल किंवा खरे लग्न घटस्फोटात संपले असेल, तर पतीच्या सहीविनाही तिला अर्ज करता येतो. छळ झालेल्या जोडीदाराला स्वतःच ग्रीन कार्डसाठी याचिका करण्याची तरतूद १९९४ च्या कायद्याने केली असून ती ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांनाही लागू आहे. ही माहिती लग्नात द्यायच्या सल्ल्यांमध्ये क्वचितच असते.

न्यायालयात दाद मागता येते का?

फारशी नाही. वकिलातीतील अधिकाऱ्याच्या व्हिसा-निर्णयात न्यायालये सहसा हस्तक्षेप करत नाहीत. २१ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात ६ विरुद्ध ३ मतांनी स्पष्ट केले, की परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा, हा नागरिकाचाही मूलभूत हक्क नाही. विवाहाचा हक्क मान्य आहे. पण संसार याच देशात थाटण्याचा हक्क त्यातून आपोआप येत नाही, असा त्याचा अर्थ. नागरिकाची ही स्थिती असेल तर ग्रीन कार्डधारकाच्या बाजूने न्यायालयीन आधार आणखी क्षीण आहे.

इतर देशांत काय स्थिती आहे?

कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन या देशांतही शुल्क, कागदपत्रे आणि विलंब आहेतच. पण जोडीदाराच्या बाबतीत नागरिक आणि कायम रहिवासी यांत अमेरिकेसारखी दरी नाही. कॅनडात दोघेही प्रायोजक होऊ शकतात. फक्त कायम रहिवाशाने त्या काळात कॅनडातच राहिले पाहिजे. जोडीदाराची तीन वर्षांची आर्थिक जबाबदारी घ्यावी लागते. ऑस्ट्रेलियात आधी तात्पुरता आणि साधारण दोन वर्षांनी कायमचा, असे दोन टप्पे आहेत. मात्र तात्पुरत्या टप्प्यातही जोडीदार सोबत राहून काम करू शकतो. ब्रिटनने उत्पन्नाची अट कडक केली. ११ एप्रिल २०२४ पासून ती वार्षिक १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर नेली. तिथे कमी पगाराच्या माणसाला संसार महाग पडतो, पण अटी पूर्ण केल्या तर रांगेत वर्षे जात नाहीत.

बदल शक्य आहे का? तोवर काय करावे?

ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांना आणि लहान मुलांना ‘निकटचे नातेवाईक’ मानावे, हा प्रस्ताव नवा नाही. जून २०१३ मध्ये अमेरिकी सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलेल्या व्यापक इमिग्रेशन विधेयकात ही तरतूद होती. प्रतिनिधिगृहाने ते विधेयक मतदानाला घेतलेच नाही. त्यानंतरच्या प्रस्तावांचेही पुढे काही झाले नाही. ज्यांना मत नाही अशांच्या जोडीदारांसाठी, म्हणजे आणखी दूरच्या लोकांसाठी, राजकीय रेटा उभा राहत नाही, हे त्याचे साधे कारण. स्थलांतराची संख्या मर्यादित ठेवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. परंतु ज्याला कायमचे राहण्याची, कर भरण्याची आणि नागरिक होण्याची मुभा दिली आहे, त्याच्या पत्नीला कोट्यात मोजायचे आणि तात्पुरत्या कामगाराच्या पत्नीला मोजायचे नाही, या भेदामागे सुसंगत तत्त्व दिसत नाही. तो एका जुन्या कायद्याच्या आकडेमोडीचा अवशेष आहे.

भारताच्या बाजूनेही काम बाकी आहे. अनिवासी भारतीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करणारे विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधील २८७ व्या अहवालात या विवाहांसाठी सर्वंकष कायद्याची शिफारस केली. अशा कायद्यात नोंदणीच्या वेळीच परदेशातील जोडीदाराने आपला इमिग्रेशन दर्जा लेखी सांगण्याची अट असेल, तर निम्मे गैरसमज बोहल्यावर चढण्यापूर्वीच दूर होतील.

तोपर्यंत ही चौकशी घरांनीच करायची आहे. पत्रिका, पगार आणि घराचे क्षेत्रफळ विचारताना संकोच होत नाही. मग व्हिसाचा दर्जा विचारताना तो नसावा. नागरिक की ग्रीन कार्डधारक? ग्रीन कार्ड कोणत्या तारखेचे आणि कोणत्या गटातून मिळालेले? नागरिकत्वाचा अर्ज कधी करता येईल? आय-१३० लग्नानंतर किती दिवसांत दाखल होणार? या चार प्रश्नांची उत्तरे आणि त्या महिन्याचे व्हिसा बुलेटिन समोर ठेवले, तर प्रतीक्षेचा ढोबळ अंदाज येतो. गुंतागुंतीच्या प्रकरणात परवानाधारक इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा. एजंटाच्या ‘सहा महिन्यांत काम होईल’ या हमीवर विसंबू नये. मुख्य म्हणजे, या वर्षांना ‘मधला काळ’ समजून मुलीने नोकरी आणि शिक्षण थांबवू नये. व्हिसाची तारीख तिच्या हातात नाही, पण तोवरची वर्षे तिची आहेत.